सत्तावन्न फुटांचा संकोच

बोट रद्द करायला म्हणूनच मी फोन केला होता, हे आधीच सांगून ठेवते. नंतर सांगितलं तर कोणी विश्वास ठेवत नाही.

बाबांना जाऊन अकरा दिवस झाले होते. त्यांनी दोन वर्षांपूर्वी कॉलिन स्प्रॉस्टन या बोट बांधणाऱ्या गृहस्थांकडे एक नॅरोबोट नोंदवली होती: पोलादी, सत्तावन्न फूट लांब आणि सहा फूट दहा इंच रुंद, म्हणजे आमच्या कालव्यांवर पाणी भरून-सोडून बोटी वर-खाली करणाऱ्या सात फुटी लॉकमधून अंग चोरून जाईल अशी. पैसेही भरून टाकले होते. बाबा आयुष्यभर प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं आधी पोचत आले. इथे मात्र त्यांचा नंबर लागला तेव्हा ते निघून गेलेले होते.

"वाईट झालं, पोरी," कॉलिन फोनवर म्हणाला. "फार सज्जन माणूस."

"हो. आभारी आहे. मी फोन अशासाठी केला होता की..."

"पोलादी पत्रे सोमवारी येतायत. एवढंच ठरवायचं राहिलंय बघ. खिडक्या गोल करू की चौकोनी?"

आता आमच्याकडची रीत अशी, की समोरच्याने तुमच्या मृताबद्दल दोन बरे शब्द काढले आणि लगेच साधा प्रश्न विचारला, तर त्याचं उत्तर द्यायचं. न देणं हा उद्धटपणा.

"गोल," मी म्हणाले.

"छान," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

काही देशांत अशा वेळी माणसं पुन्हा फोन करून "अहो, माझं चुकलं" असं म्हणत असतील. आम्हाला ते जमत नाही. चुकीच्या रांगेत उभी आहे हे कळल्यावरही मी पोस्टात चाळीस मिनिटं उभी राहिलेली आहे, कारण रांग सोडली असती तर मागच्या बाईंना वाटलं असतं, हिला आपल्यापुढे उभं राहायला आवडत नाही. माझ्या एका मैत्रिणीकडे मी नऊ वर्षं काळीज खाल्लं, कारण पहिल्या वेळी "छान झालंय" असं म्हणून बसले होते. त्या मानाने बोट काहीच नाही. बोट निदान खावी लागत नाही.

संध्याकाळी आई इस्त्री करत होती. बाबा गेल्यापासून मी माझ्या जुन्या खोलीत राहायला आले होते, काही दिवसांसाठी. आम्ही दोघी बोलायचो ते बॉयलरबद्दल, कचऱ्याच्या गाडीबद्दल आणि हवेबद्दल. हवेने त्या वर्षी आम्हाला फार सांभाळून घेतलं, रोज काही ना काही बदलत राहिली.

"त्या बोटवाल्याला कळवायचं राहिलंय," आई म्हणाली.

"मी बोलले आजच. मिटलं ते."

"मिटलं?"

"मिटलं."

"बरं," असं म्हणून तिने बाबांच्या एका शर्टाची कॉलर उलटी केली आणि परत इस्त्री केली. हे शर्ट धर्मादाय दुकानात द्यायचे होते. तिथे कॉलर कोणी बघत नाही.

आईला ही बोट कधीच नको होती. "मला घरात जिना आहे आणि तो मला आवडतो," एवढाच तिचा या विषयावरचा मुद्दा होता, आणि तो तिने तीस वर्षं मांडला. त्यामुळे तिला कळू द्यायचं नाही हे मी ठरवून टाकलं. कळलं असतं तर तिने आरडाओरडा केला नसता. "कशाला गं आता" एवढे तीन शब्द ती म्हणाली असती, आणि त्या तीन शब्दांपुढे मी एक मिनिट टिकले नसते. मग कॉलिनने पत्रे दुसऱ्या कोणाला देऊन टाकले असते. बाबांची अजून पूर्ण न झालेली अशी तेवढी एकच गोष्ट उरली होती. बाकी सगळं पूर्ण झालं होतं.

म्हणून दर शनिवारी मी "कॉलेजात पेपर तपासायचे आहेत" असं सांगून कालव्याकाठच्या त्या कारखान्यात जाऊ लागले. मी साहित्य शिकवते. आमच्या विभागात एकूण सव्वीस विद्यार्थी आहेत. सहा महिने दर शनिवारी तपासत बसावं एवढं त्यांनी आयुष्यात लिहिलेलं नाही, पण आईने कधी विचारलं नाही, आणि मीही ते तिच्या साधेपणावर ढकललं.

पोलादाची बोट बांधायला सोपी असते असं कॉलिनचं मत. आधी दहा मिलिमीटर जाडीचा तळ ओंडक्यांवर आडवा करायचा, त्याला दोन्ही बाजूंनी सहा मिलिमीटरच्या भिंती उभ्या जोडायच्या, वर चार मिलिमीटरचं छप्पर. महिनाभरात तिथे एक प्रचंड कंपासपेटी तयार झाली. मी तिच्याकडे बघत उभी राहायचे. कॉलिन मास्क वर करून "कशी वाटते?" विचारायचा. मी "छान" म्हणायचे. आम्हा दोघांचं जे काही सांत्वन व्हायचं ते एवढ्यावर व्हायचं.

गुपित ठेवायचं तर ते शेजाऱ्यांपासून आधी. आमचे शेजारी मिस्टर ग्रिंडली एकतीस वर्षं पाणीखात्यात होते आणि निवृत्तीनंतर कुंपणात आहेत. झुडपांचं हेज कापण्याच्या निमित्ताने ते वर्षभर कुंपणापाशी असतात. इतकी वर्षं कापूनही ते हेज कमी झालेलं नाही. माझ्या काखेतली नकाशाची गुंडाळी त्यांनी दुसऱ्याच शनिवारी ओळखली.

"बोट चालू आहे वाटतं," ते म्हणाले.

"आईला सांगू नका, प्लीज."

"मी कशाला सांगतोय. पण एक सांगतो, मिस टनिक्लिफ. पोलाद बुडतं."

"जहाजं पोलादाचीच असतात, मिस्टर ग्रिंडली."

"तीच म्हणतोय मी. माझ्या मावसभावाची बोट लॉकमध्ये उतरत होती. पाणी खाली गेलं, बोटीचं मागचं टोक लॉकच्या उंबऱ्यावर बसलं, आणि अकरा मिनिटांत सगळा खेळ खलास."

"अरे बापरे. कोणाला काही झालं?"

"नवा फ्रीज होता," ते खाली बघत म्हणाले. यापुढे ते बोलू शकले नाहीत.

पुढच्या प्रत्येक शनिवारी त्यांनी मला एक सल्ला दिला. शेगडी डावीकडे घ्या. शेगडी घेऊच नका, वायू होतो. सुकाणू पितळी नको, सूर्य डोळ्यांत जातो. आमच्या भागात सूर्याबद्दल इतका आशावाद मी दुसऱ्या कोणाकडे पाहिला नाही.

एप्रिलमध्ये खिडक्या कापल्या गेल्या. मी गेले तर बोटीच्या डाव्या अंगाला सहा गोल भोकं आणि उजव्या अंगाला चार चौकोनी.

"कॉलिन, या चौकोनी कशा?"

"व्यवस्थित झाल्यात की नाही?" तो कौतुकाने म्हणाला.

"व्यवस्थित झाल्यात. पण मी गोल सांगितल्या होत्या."

"डावीकडे गोलच आहेत."

"आणि उजवीकडे?"

कॉलिनने कापडाने हात पुसले. नंतर तेच हात परत पुसले. "तशी सूचना आहे माझ्याकडे."

"कोणाची?"

"ते सांगायचं नाही असं ठरलंय, पोरी. मी शब्द दिलाय."

"पण ग्राहक मी आहे ना?"

"ऑर्डर अजून तुझ्या बाबांच्या नावावर आहे," तो म्हणाला आणि मास्क खाली करून ठिणग्यांच्या आड गेला.

आता कोणीही शहाणा माणूस इथून एका सरळ निष्कर्षाला पोचला असता. पण मी वीस वर्षं साहित्य शिकवलेलं आहे, आणि ज्या मजकुरात काही नाही त्यातून काहीतरी काढणं हाच माझा धंदा आहे. बाबांनी जाण्याआधी कॉलिनकडे सूचना ठेवून दिल्या होत्या, हे मला तिथल्या तिथे उमगलं. लिहूनच ठेवल्या असणार. हॉस्पिटलमधल्या शेवटच्या तीन आठवड्यांत ते माझ्याशी मुख्यत्वे पार्किंगबद्दल बोलले होते. जागा मिळाली का, किती वेळाची चिठ्ठी घेतलीस, आता निघ नाहीतर दंड बसेल. मी दर वेळी निघत गेले. तेव्हा बोलायचं जे राहिलं ते त्यांनी बोटीत लिहिलं असणार, हे अगदी त्यांच्या स्वभावाला धरून होतं. गोल खिडक्या माझ्या, चौकोनी त्यांच्या. मला ते इतकं स्पष्ट दिसलं की येताना गाडीत मी त्यावर एक लहानसं व्याख्यानही तयार केलं.

मग सूचना येतच राहिल्या. मे महिन्यात डाव्या भिंतीला लागून ओतीव लोखंडाचा पांढरा बाथटब आला, चार पायांचा. बाबा आयुष्यभर शॉवर घेत आले. मी त्यावर दोन रात्री विचार केला आणि बाबांना आयुष्यात एकदा तरी निवांत पडून राहायचं होतं हे माझ्या लक्षात आलं. त्यानंतर कोट अडकवायच्या खुंट्या आल्या, माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर. बाबा सहा फुटांचे होते. यावर मी आठवडाभर विचार केला आणि त्यांना आपण लहान झाल्यासारखं वाटत असावं, असा अर्थ काढला. विद्यार्थ्याने एखाद्या कवितेतून असा अर्थ काढला असता तर मी त्याला नापास केलं असतं.

जूनमध्ये कॉलिन मला आत घेऊन गेला. डाव्या बाजूला, दोन गोल खिडक्यांच्या मधोमध, जाड ओकचं एक टेबल भिंतीत बसवलं होतं. दोन्हीकडे खण.

"हे तुझं," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"सूचनेत तसंच आहे. 'टेबल हॅरिएटला. उजेड डावीकडून यावा.'"

मी "छान" म्हणाले, बाहेर येऊन गाडीत बसले, आणि वीस मिनिटं गाडी सुरू केली नाही. वाटेत लावलेली होती. एका ट्रकवाल्याने हॉर्न न वाजवता तेवढा वेळ वाट पाहिली. आमच्याकडे अजून अशी माणसं आहेत.

परत आत गेले ती पेटून. बाबा इतकं बोलतायत तर आपणही काही बोलायला हवं. मी कोळशाची ओतीव शेगडी सांगितली, टेबलाच्या शेजारी, म्हणजे डावीकडे. आणि डाव्या भिंतीभर पुस्तकांचं कपाट, बाबांच्या सगळ्या पुस्तकांसाठी. उजवीकडे काही ठेवता येत नव्हतं, कारण तिथून चालायची वाट जात होती.

"डावीकडे?" कॉलिन म्हणाला.

"हो. काही अडचण?"

त्याने बोटीकडे पाहिलं, माझ्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि परत बोटीकडे पाहिलं. "नाही," तो म्हणाला. "होईल."

मधल्या काळात परवान्याचं निघालं. कालव्यावर बोट घालायची तर परवाना लागतो, आणि परवान्यासाठी कार्यालयात फोन लागतो. फोनवर एक अतिशय गोड आवाजाच्या बाई होत्या.

"अर्ज मिस्टर विल्फ्रेड टनिक्लिफ यांच्या नावे आहे. ते फोनवर येऊ शकतील का?"

"नाही. ते वारले."

"ओह, ऐकून वाईट वाटलं. मग मालकी बदलायला हवी. त्यासाठी त्यांच्याकडून लेखी सूचना लागेल."

"ते वारलेत म्हणूनच मालकी बदलायची आहे."

"हो, कळलं मला. पण सूचना मूळ मालकाकडूनच यावी लागते, तसा नियम आहे. ते होईपर्यंत बाकीचं भरून घेऊ या का? मालकांचा कायमचा मुक्काम कुठे असेल?"

"सेंट चॅड्स चर्चच्या मागे. तिसरी रांग."

"तिथे कालवा आहे का?"

"नाही."

"मग अवघड आहे," बाई मनापासून हळहळल्या. "बोटीचं नाव?"

"ते नंतर कळवू."

कळफलकाचा आवाज आला. त्यांनी काहीतरी टाईप केलं होतं, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. तीन फोननंतर ठरलं ते असं, की मूळ मालकाची सूचना मिळत नसेल तर बोट कायद्याने त्याच्या पत्नीची होते, आणि मग पत्नीची सही चालेल.

म्हणजे ज्या एका व्यक्तीला कळू द्यायचं नाही, नेमकी तीच बोटीची मालकीण.

मी जे केलं त्याचा मला अभिमान नाही. आईच्या पेन्शनचे, विजेचे, विम्याचे असे सात कागद गोळा केले आणि त्यांच्यात चौथ्या नंबरवर परवान्याचा अर्ज सरकवला. "एवढ्या सह्या लागतील गं," म्हणून ढीग तिच्यापुढे ठेवला. आई म्हणजे साखरेच्या पाकिटाची मागची बाजू वाचणारी बाई. तिने चष्मा न लावता आठही कागदांवर सह्या केल्या. चौथ्यावर जरा ठळक केली. तिची नजर आता कमी झालीय असं वाटून मला भरून आलं.

आईचंही त्या दिवसांत एक बरं चाललं होतं. दर गुरुवारी ती चर्चमध्ये फुलं लावायला जायची. मार्चपासून एकही गुरुवार चुकला नव्हता. ती जितका वेळ बाहेर असायची त्या हिशेबाने फुलं लावली असती तर पाद्री दिसला नसता. एकदा तिच्या कोटाच्या बाहीवर काळा डाग होता. "लिलीचे पराग," ती म्हणाली. लिलीचे पराग काळे असतात हे मला नवीन होतं, पण माझा विषय वनस्पतिशास्त्र नव्हे.

"तुमच्या आई फुलांना जाताना गमबूट घालतात," मिस्टर ग्रिंडली मला कुंपणावरून म्हणाले.

"चर्चच्या मागे चिखल असतो."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. पाणीखात्यात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाच्या नजरेत एवढी दया मी अपेक्षिली नव्हती. "असेल," ते म्हणाले आणि हेज कापू लागले.

बोट पाण्यात उतरवायची क्रेन ऑगस्टमध्ये मिळाली, आणि मिळाली ती गुरुवारी. मी कॉलेजला घसा बसल्याचं कळवलं आणि सकाळी नऊला कारखान्यावर पोचले. बोट बाहेर काढून ठेवलेली होती, हिरवी आणि तांबडी, तळाला डांबराचा काळा हात. बाजूवर रंगाऱ्याने गुलाबांच्या दोन वेलींमध्ये सोनेरी, वळणदार अक्षरांत नाव काढलं होतं: नंतर कळवू.

"परवान्यावर तेच आहे," कॉलिन म्हणाला. "मला वाटलं तुम्ही लोक शिकलेले, काहीतरी अर्थ असेल."

मी यावर काय बोलणार होते ते राहून गेलं. कारण बोटीच्या चौकोनी खिडकीतून मापाची टेप बाहेर आली, आणि तिच्या मागोमाग आईचं डोकं.

आम्ही एकमेकींकडे पाहिलं.

"तू कॉलेजात नाहीस?" आई म्हणाली.

"तू चर्चमध्ये नाहीस?"

"आज फुलं नव्हती."

"आज विद्यार्थी नव्हते."

"मी जरा क्रेन बघून येतो," कॉलिन म्हणाला. क्रेन त्याच्यासमोर होती, पण तो वळसा घालून गेला.

आई गमबुटांत खाली उतरली. तिच्या हातात थर्मास होता आणि बाहीवर पराग होते.

"कधीपासून?" मी विचारलं.

"फेब्रुवारी. तू म्हणालीस रद्द केलं. मला वाटलं, तू रद्द केलंस म्हणजे नीट बोलली नसशील. दोन वर्षं त्याच्याकडे नंबर लावून ठेवायचा आणि ऐनवेळी नाही म्हणायचं, बरं दिसत नाही. म्हणून मी माफी मागायला फोन केला. तर तो म्हणाला, अहो, तुमच्या मुलीने गोल खिडक्या सांगितल्यात."

"मग मला विचारलं का नाहीस?"

"काय विचारायचं? तू आयुष्यात माझ्याशी खोटं बोलली नाहीस. म्हटलं, एवढं खोटं बोलतेय म्हणजे हिला फारच हवीय ही बोट. मी कोण 'कशाला' म्हणणारी?"

जे तीन शब्द मी सहा महिने चुकवत फिरत होते ते तिनेही गिळलेले होते. मी खिडक्यांकडे पाहिलं. "आणि त्या चौकोनी?"

"गोल खिडकीला पडदा कसा लावायचा, सांग बरं मला."

"बाथटब?"

"माझ्या गुडघ्याला गरम पाणी लागतं. तू मला एकटीला जिन्याच्या घरात ठेवून इथे येऊन राहणार होतीस का?"

"खुंट्याही तुझ्याच," मी म्हणाले. "आणि माझं टेबल."

"मग काय. जेवायच्या टेबलावर तुझे पेपर, आणि मी ताट मांडीवर घेऊन बसायचं. बास झालं ते."

मी चौकोनी खिडकीतून आतल्या त्या टेबलाकडे बघत राहिले. आईला ते जास्त झालं असावं, कारण तिने थर्मासचं झाकण उघडलं आणि परत लावलं.

"काय झालं गं?"

"काही नाही. मला वाटलं होतं, बाबांनी सांगून ठेवलंय हे सगळं. कॉलिनकडे. लिहून."

क्रेनवाल्याने इंजिन सुरू केलं. आईने ते थांबण्याची वाट पाहिली, पण ते थांबेना, तेव्हा ती जरा मोठ्याने बोलली.

"त्यांनी काही लिहून ठेवलं नव्हतं. मीही शोधलं ना. टेबलाचे खण बघितले, पुस्तकं झटकून बघितली. कोटांचे खिसेसुद्धा."

"काय मिळालं?"

"पार्किंगच्या चिठ्ठ्या," ती म्हणाली. "तुझ्या. तू गाडीत टाकून जायचीस त्या. त्यांनी ठेवल्या होत्या. कशाला, ते मला विचारू नकोस."

मी विचारलं नाही. सगळ्या गोष्टींचा अर्थ मीच लावावा असं काही नाही.

मिस्टर ग्रिंडली तेवढ्यात घडीची खुर्ची घेऊन येऊन पोचले. दोघींचं गुपित आपण सहा महिने सांभाळलं, एकीचं दुसरीला कळू दिलं नाही, हे त्यांनी आम्हाला बसता बसता सांगितलं. ज्या माणसाने आमच्या गल्लीत एकही बातमी कधी दुपारपर्यंत शिळी होऊ दिली नाही, त्याला नेमकी याच वेळी सचोटी सुचावी, याला काय म्हणावं मला कळेना. आईने त्यांचे आभार मानले.

सतरा टनांची बोट दोन पट्ट्यांत अलगद वर गेली. ती कालव्यावर आली, खाली आली, टेकली, पट्टे सैल झाले, आणि बोट एखादं ओळखीचं माणूस दिसावं तशी शांतपणे डावीकडे झुकली.

"बुडतेय," मिस्टर ग्रिंडली समाधानाने म्हणाले.

"बुडत नाहीये. कललीय," कॉलिन म्हणाला. आई, मी आणि तो आत गेलो. त्याने टेबलावर पाणसळ ठेवली. तिच्यातला बुडबुडा सरळ उजव्या टोकाला गेला आणि तिथेच राहिला.

"बाथटब डावीकडे, शेगडी डावीकडे, पुस्तकं डावीकडे," कॉलिन म्हणाला. "ओकचं टेबल डावीकडे. उजवीकडे नुसती वाट."

"मग तुम्ही आम्हाला सांगितलं का नाही?" आई म्हणाली.

"सांगणार होतो. प्रत्येक गुरुवारी ठरवायचो. शनिवारी तर दोनदा ठरवायचो." त्याने टोपी काढून हातात घेतली. "तुम्ही दोघी इतक्या मनापासून सांगायचात, कसं नाही म्हणणार?"

तो खाली वाकला, जमिनीतली एक फळी उचलून तळात वजनासाठी घातलेल्या फरशा पाहिल्या, बोटांवर काहीतरी मोजलं. "काही मोठं नाही. उजवीकडे फरशा वाढवल्या की झालं. साधारण एक माणूस कमी पडतोय बघा त्या बाजूला. ऐंशी किलोचा."

बोलून गेल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो. त्याची मान लाल झाली. बाहेर एक बदक ओरडलं आणि बराच वेळ ओरडत राहिलं.

"शहात्तर," आई म्हणाली. "शेवटी शहात्तरच राहिले होते ते."

बाबा गेल्यापासून त्यांच्या वस्तूंबद्दल नाही, खुद्द त्यांच्याबद्दल ती पहिल्यांदा बोलत होती. मी तिच्याकडे पाहिलं तर ती पाणसळीकडे बघत होती आणि तिच्या नाकाच्या टोकावरून पाणी पाणसळीवर पडत होतं. मग माझंही तेच झालं. कॉलिनने आम्हाला आपल्या खिशातलं कापड दिलं, ज्याने तो सहा महिने हात पुसत आला होता, आणि आम्ही ते घेतलं, कारण नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

"किती फरशा लागतील?" आईने डोळे पुसून विचारलं. तिच्या एका गालावर वंगणाचा पट्टा उमटला होता.

"चार. फार तर पाच. उद्या सकाळी टाकतो."

"चारच टाका."

तो गेल्यावर आई वाटेवरून उजव्या भिंतीशी जाऊन उभी राहिली. बुडबुडा हलला, पण मधोमध आला नाही. तिचं वजन चौपन्न किलो. मी तिच्याशेजारी जाऊन उभी राहिले. आता बोट डावीकडून उठली, सरळ झाली, आणि थांबली नाही. ती उजवीकडे कलली.

"दोघी मिळून जास्त होतोय आपण," आई म्हणाली. "तू फुगलीस या सहा महिन्यांत."

"पेपर तपासून."

"ते दिसतंय." तिने थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि झाकण माझ्या हातात दिलं. त्यात चहा एका कडेला चढून बसला होता. "तू एक पाऊल मध्ये सरक. बोट सरळ होईल."

"राहू दे," मी म्हणाले.

तिने स्वतःसाठी बाटलीतूनच चहा घेतला. समोर गोल खिडक्यांतून नुसतं आकाश दिसत होतं आणि आमच्या मागे चौकोनी खिडकीबाहेर पाणी हातभर अंतरावर आलं होतं. पुढचा अर्धा तास आम्ही तशाच, खांद्याला खांदा लावून, तिरप्या उभ्या राहिलो. बाबांबद्दल बोललो. हवेबद्दल नाही.